देवी डॉक्टरांची पिशवी

देवणी भागात आज साठी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, देवी डॉक्टर म्हटलं की माणसाच्या आधी त्यांची पिशवी आठवते. सायकलीच्या सीटमागं लटकलेली, खाकी किंतानाची, गाभण शेळीच्या पोटासारखी दोन्ही अंगांनी सुटलेली. तिच्यात सगळं दोन-दोन होतं. नट फिरवायचे दोन पाने, टायर काढायचे दोन लिव्हर, सोल्यूशनच्या दोन नळ्या, आणि पंप तर एक दांडीला अडकवलेला नि एक पिशवीतून डोकं बाहेर काढून बसलेला. वेशीत खणखणाट ऐकू आला की लेकरं कणगीमागं लपायची, कारण देवी डॉक्टर म्हणजे दंडाला टोचणी. मोठी माणसं हसायची. "डॉक्टर, मागं एक जादा सायकलच बांधून घ्या की," असं कुणी म्हटलं तर ते "हाव, बघू" एवढंच म्हणायचे आणि पायडल मारायचे.

मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ती पिशवी तळहाताएवढी होती. तळहाताएवढी पिशवी एवढी का फुगली, हे त्या गावात दोघांनाच ठाऊक होतं, एक ते आणि एक मी. सरकारी दप्तरात त्याबद्दल एक कागद आहे. त्यात माझी चूक त्यांच्या नावावर लिहिलेली आहे आणि अक्षर माझं आहे. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, यावरून माझी काय किंमत करायची ती वाचणाऱ्यांनी करावी. मी आधी मामांबद्दल, म्हणजे देवी डॉक्टरांबद्दल, सांगते.

ते डॉक्टर नव्हते. गावोगाव फिरून देवीची लस टोचणारा सरकारी माणूस, पण आमच्या भागात अशा माणसाला देवी डॉक्टरच म्हणत. त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपत्रकात होतं. मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला सिस्टरबाई. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, सदऱ्याच्या आत गळ्यातलं लिंग, डोक्यावर ऊन मुरून पिवळी पडलेली टोपी आणि पायाला सायकलीच्या चेनपासून जपायला गुंडाळलेली सुतळी. बोलायचे कमी. जे बोलायचे त्यात मराठी, उर्दू आणि कानडी अशी तीन पाणी एकत्र झालेली असायची.

मी नांदेडची. धम्म घेतल्यानंतर आमच्या घरात आलेली पहिली सरकारी नोकरी म्हणजे माझी. वडिलांनी ऑर्डरचा कागद चार दिवस बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवला होता आणि हमालीच्या कामावरून आले की हात धुऊन तो उचलून बघत. त्यांना वाचता येत नव्हतं. नोकरी कच्ची होती. दोन वर्षं कुठलाही ठपका न येता गेली तर पक्की होणार होती. आणि मी रुजू झाले ते साल दुष्काळाचं, बहात्तरचं. देवणीच्या अलीकडच्या त्या गावात बस आठवड्यातून तीनदा यायची, आणि डिझेल नसलं की तीही नाही. दवाखान्याखाली वस्त्या पंधरा-सोळा. चालत फिरायचं म्हटलं तर बाळंतीण पाचवी पुजून मोकळी होईल तेव्हा मी पोहोचणार.

मग मामांनी मला सायकल शिकवली. कुठं, तर गावच्या तळ्यात. तळ्यात थेंब नव्हता. तळाची माती वाळून, तडकून टणक झाली होती आणि चहूबाजूंनी बांध असल्यानं बघायला येणाऱ्यांना बांध चढून यावं लागायचं. तरी येत. पांढऱ्या लुगड्यातली बाई सायकलीवरून पडताना बघायला दुष्काळातही माणसांकडं वेळ असतो. मामा सीटला धरून मागं धावायचे आणि म्हणायचे, "निधान, निधान." निधान म्हणजे कानडीत हळू. आठव्या दिवशी मागून निधान ऐकू येईना म्हणून मी वळून पाहिलं, तर ते तळ्याच्या मधोमध हात सोडून उभे होते. मी अर्थातच पडले. "पडायची येळ निघून गेली होती सिस्टरबाई," ते म्हणाले, "तुम्ही उगं माझ्यासाठी पडलात."

पण सायकल चालवणं हा त्यांच्या लेखी विद्येचा अर्धाच भाग होता. उरलेला अर्धा म्हणजे निघताना काय घ्यायचं आणि काय ठेवायचं. रोज सकाळी दवाखान्याच्या ओट्यावर ते एक पिवळं फडकं अंथरत आणि त्यावर सगळं सामान ओळीनं मांडत. मोठा पाना, लहान पाना, लिव्हर, रबराचे तुकडे, पॉलिश पेपर, सोल्यूशन, नट, चेनची कडी, ब्रेकचे रबर. मग पिशवी न भरता तसेच बसून राहत. दूध घालायला आलेला माणूस, बैलगाडीवाला, औषधाला आलेली म्हातारी, जो येईल त्याला रस्ता विचारत. शिरूर अनंतपाळच्या बाजूनं मुरूम टाकलाय का? अमक्या वस्तीच्या ओढ्यात वाळू किती? शेळ्या कुणाच्या, कुठवर चरल्या? एवढं ऐकून झालं की फडक्यावरच्या चार वस्तू उचलत आणि बाकीचं बांधून खिडकीत ठेवत. मला पहिल्यांदा हा प्रकार बघताना वाटलं, माणूस कामचुकार आहे.

तसा तो नव्हता. मुरमाच्या, दगडाच्या रस्त्याला हादऱ्यानं नट ढिले होतात, म्हणून तिकडं जाताना पाना आणि दोन नट, पंक्चरचं काही नाही. वाळूकडं चेनची कडी. आणि बाभळीच्या रस्त्याला पंप, सोल्यूशन आणि रबर. त्या वर्षी गवत नव्हतं म्हणून लोक शेळ्यांना बाभळीचे डहाळे तोडून घालत, आणि शेळ्या जिथं जेवल्या तिथं रस्ताभर काटे. शेळ्यांची चौकशी त्यासाठी. "गरज पडंल म्हणून घेतलं तर ते ओझं," मामा म्हणायचे, "पडणारच म्हणून घेतलं तर ते हत्यार." लसीचा डबा, पाण्याची छागल, भाकरी आणि वरून चाळीस अंशाचं ऊन घेऊन दिवसाला सहा-सात कोस जाणाऱ्याला पावशेर लोखंडही जाणवतं, हे मला महिनाभरात पायांनी समजलं.

वस्तू जपण्याच्याही त्यांच्या तऱ्हा होत्या. व्हॉल्व्हची ती बारीक रबरी नळी पिशवीत ठेवली तर उन्हानं वितळून चिकट व्हायची, म्हणून ती चुन्याच्या रिकाम्या डबीत, वर चिमूटभर शंखजिरे टाकून, सदऱ्याच्या खिशात. सोल्यूशनची नळी ओल्या फडक्यात. काटा घुसला तर तो उपटायचा नाही, असं त्यांनी मला दहादा सांगितलं होतं. "काटा हाय तवर तोच बूच हाय. काट्यासकट हवा मारत जावं. नुसता पंप जवळ असला तर माणूस दोन कोस निघून जातंय." आणि पंपही नसला तर टायरमध्ये गवत कोंबायचं, म्हणजे चाक निदान फिरतं. ते सगळं मी शहाण्या मुलीसारखं पाठ केलं होतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. पहिल्या दिवशी बरोबर निघालो तेव्हा एका वस्तीवर पाच-पंचवीस माणसांसमोर त्यांनी माझ्या सायकलीला लटकलेली छागल काढली आणि तिला तोंड लावून पाणी प्यायले. त्या वस्तीत आमच्या लोकांना वरून पाणी वाढत असत. विभूती लावलेला माणूस माझ्या छागलीचं पाणी पितोय हे बघून एकजण खाकरला. मामांनी तोंड पुसलं आणि "दंड उघडा करून रांगेत या" म्हणाले. याबद्दल ते माझ्याशी कधी एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर त्या वस्तीत मला पाणी मागावं लागलं नाही.

त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यातलं, उर्दू चौथी. टोचणीचं रजिस्टर आकड्यांचं, ते कसंबसं भरत. पण मराठीत अर्ज किंवा अहवाल लिहायचा म्हटला की त्यांना घाम फुटायचा. मी आल्यावर ते काम माझ्याकडं आलं. ते ओट्यावर बसून सांगायचे, मी सरकारी मराठीत लिहायची आणि खाली ते उर्दूत सही करायचे, उजवीकडून डावीकडं, एका दमात. "तुमचं अक्षर लई साफ हाय," म्हणायचे. माझं अक्षर खरंच चांगलं होतं. तेवढीच एक गोष्ट मी त्यांना देऊ शकत होते.

उन्हाळा वाढला तसं विहिरींचं पाणी तळाला गेलं आणि दुष्काळी कामांवर जुलाब-उलट्या सुरू झाल्या. मग दोघांना बरोबर पाठवू लागले. ते लस टोचणार आणि मी आजारी-बाळंतीण बघणार, आणि दोघांच्याही सायकलींवर विहिरीत टाकायच्या पावडरीचं ओझं. तेव्हा मामांनी जोडीची पिशवी काढली. म्हणजे एकच सामान दोन सायकलींत वाटायचं. पंप, सोल्यूशन आणि व्हॉल्व्हची डबी त्यांच्याकडं. पाना, लिव्हर, रबर, पॉलिश पेपर माझ्याकडं. "आपण दोघं मिळून एक सायकल हाय असं समजायचं," ते म्हणाले. ही वाटणी त्यांनी दोन दिवस विचार करून केली होती, आणि महिनाभर ती बिनबोभाट चालली.

त्या दिवशी सकाळी आम्ही शिरूरच्या बाजूला निघालो होतो. एका फाट्यावर दुष्काळी कामाच्या खडी केंद्रावरचा एक माणूस पळत येताना दिसला. सोजर नावाची बाई, दगड फोडता फोडता तिथंच बाळंत झाली होती. मूल बरं होतं, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. खडी केंद्र फाट्यापासून दीड कोस आत, आणि रक्त थांबवायचं इंजेक्शन माझ्या पेटीत. मामांना दुसऱ्या बाजूला चार कोस जायचं होतं, तिथं तीनशे माणसं टोचून घ्यायला थांबली होती. मी सायकल वळवली. तेवढ्यात मामांनी दांडीचा पंप सोडवला, हातात धरला आणि म्हणाले, "सिस्टरबाई, पंप देऊ का?"

मी म्हणाले, "राहू द्या मामा, दीड कोस तर जायचंय. तुम्हालाच लांब जायचं आहे." हे मी भल्या मनानं म्हणाले. त्यांच्या वयाकडं बघून म्हणाले. आपण कुणाच्या घरी गेल्यावर चहा घेणार का असं विचारलं की नको म्हणतो, तसंच ते नको होतं. त्यांनी पंप परत दांडीला लावला.

निम्म्या वाटेवर पुढच्या चाकात काटा गेला. मी तो उपटला नाही, पण हवा भरणार कशानं? पाना होता, लिव्हर होते, रबर होतं, पॉलिश पेपर होता. सगळं अर्धं. तशीच दामटली तर ट्यूब वळून बाहेर आली आणि चाक अडकलं. मग गवत कोंबायचं आठवलं. मी सायकल आडवी टाकून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गवत शोधायला लागले. त्या वर्षी त्या माळावर काडीसुद्धा उभी नव्हती. गवत शोधण्यात माझा किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही, आणि ते न सांगता येणं मला फार छळतं. शेवटी पेटी घेऊन पळत सुटले.

सोजर बाभळीच्या सावलीत पोत्यावर निजली होती. बायकांनी तिच्याभोवती लुगड्यांचा आडोसा केला होता. मी पोहोचले तेव्हा तिच्या तोंडाचा रंग गेला होता, पण डोळे उघडे होते. मी इंजेक्शन दिलं, पोट दाबून वार काढली, जे शिकवलं होतं ते सगळं केलं. तिनं एकदा माझ्याकडं बघून विचारलं, "पोरगी हाय का पोरगं?" मी पोरगी म्हटलं. त्यानंतर ती बोलली नाही. शेजारची म्हातारी मला रागावून नाही, अगदी साधेपणानं म्हणाली, "बाई, जरा येळंवर आला असता तर..." आणि तिनं लेकरू उचलून पदराखाली घेतलं.

दुपार कलताना, टोचणी आटोपून मामा तिथं आले. वाटेत त्यांना माझी आडवी पडलेली सायकल दिसली होती. ती त्यांनी दुरुस्त करून, दोन सायकली दोन हातांत धरून, चालत आणली होती. त्यांनी सोजरकडं पाहिलं आणि टोपी काढली. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चला. पाणी प्या." मला रडू आलं ते तेव्हा.

दुष्काळी कामावर बाई दगावली म्हणून वरून विचारणा झाली. सिस्टरला फाट्यावर खबर मिळाली, तर दीड कोसाला एवढा वेळ का लागला? दवाखान्याच्या साहेबांनी मला आणि मामांना दुसऱ्या दिवशी लेखी जबाब द्यायला सांगितलं. मामा त्या सकाळी ओट्यावर बसले, पिवळं फडकं न अंथरता. म्हणाले, "घ्या कागद. माझा जबाब लिवा." मी लिहायला घेतलं. तारीख, गाव, फाटा. मग ते म्हणाले, "लिवा. सदर दिवशी पंप माझ्याकडे होता. तो सिस्टर यांना देण्याचे माझ्याकडून राहून गेले." ही सरकारी भाषा त्यांनी माझ्याकडूनच उचलली होती. माझा हात थांबला. "मामा, तुम्ही तर देत होता," मी म्हणाले.

"तुमची नोकरी कच्ची हाय. माझी पक्की हाय. लिवा."

मी लिहिलं. नांदेडला बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवलेला कागद माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि वडिलांचे धुतलेले हात. पण हे कारण झालं. खरं इतकंच की मला भीती वाटली आणि मी लिहिलं, आणि नेहमीसारखं स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्यांनी उर्दूत सही केली. माझ्या जबाबात मी पंप नव्हता एवढंच लिहिलं, का नव्हता ते लिहिलं नाही. मामांच्या सेवापुस्तकात हलगर्जीची नोंद झाली. त्या वर्षी त्यांचं नाव पर्यवेक्षकासाठी गेलेलं होतं, ते परत आलं. पर्यवेक्षक झाले असते तर एका ठिकाणी बसून काम होतं. माझी नोकरी वेळेवर पक्की झाली. वडिलांनी पेढे वाटले आणि एक पेढा मामांसाठी डबीत घालून पाठवला. तो मी त्यांना दिला, आणि त्यांनी खाल्ला.

त्यानंतर पिशवी फुगायला लागली. ओट्यावर फडकं अंथरणं बंद झालं. दूधवाल्याला रस्ता विचारणं बंद झालं. शेळ्या कुठंही चरोत, मामा आता सगळंच घ्यायचे आणि दोन-दोन घ्यायचे. मी एकदा म्हणाले, "मामा, आज तर मुरमाचा रस्ता आहे." ते म्हणाले, "असंल." ज्या माणसानं आयुष्यभर रस्ता ऐकून चार वस्तू उचलल्या, त्याचा स्वतःच्या निवडीवरचा भरवसाच उडाला होता. चढावर ते उतरून सायकल ढकलायला लागले की मी दुसरीकडं बघायची. लोक हसायचे तेव्हा मीही कधीकधी त्यांच्याबरोबर हसले आहे. न हसले असते तर कुणीतरी कारण विचारलं असतं.

दुसरा संच मात्र ते कुणाला देत नसत. एकदा एका शाळामास्तरांची सायकल वाटेत पंक्चर झाली. मामांनी थांबून, घाम पुसत, स्वतःच्या सामानानं ती नीट करून दिली. मास्तर म्हणाले, "डॉक्टर, तुमच्याकडं दोन-दोन आहे, एक सोल्यूशनची नळी मला द्या की, पुढं रस्ता वाईट आहे." मामांनी नाही म्हणून मान हलवली. स्वतःच्या वापरातली नळी दिली, पण निळ्या फडक्यात वेगळं बांधलेलं पिशवीच्या तळाचं ते गाठोडं सोडलं नाही. मास्तरांनी गावात सांगितलं, देवी डॉक्टर म्हातारपणी चिकट झाले.

सोजरची पोरगी तिच्या आजीकडं वाढली. मामांनी तिला लस टोचली तेव्हा ती तीन महिन्यांची होती. त्यानंतर ती वस्ती त्यांच्या वाटेवर असो-नसो, ते जात. नेत काही नसत. पोरगी रांगायला लागली का, चालायला लागली का, बघून येत आणि मला सांगत, "आज कोंबडीमागं पळत होती." मी हूं म्हणायची. मला त्या वस्तीवर जायला पाय उचलत नसे. मी तिथली कामं असली की काहीतरी सबब काढायची आणि मामा ती सबब खरी मानून जायचे.

पुढं देवीचा रोगच संपला. सरकारनं टोचणी बंद केली आणि मामांना मलेरियाच्या कामाला लावलं. बोटातून रक्त घ्यायचं आणि काचेवर ठेवायचं. लोक तरी देवी डॉक्टरच म्हणायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं पर्यवेक्षक झाली आणि त्यांना हिशोबाला बोलावू लागली, तेव्हा ते त्यांनाही साहेब म्हणत. मी दोनदा ठरवलं होतं की आता साहेबांकडं जाऊन सांगायचं. एकदा साहेब रजेवर होते. दुसऱ्यांदा ते होते, आणि मी त्यांना कापसाच्या बंडलांबद्दल विचारून परत आले.

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. उस्मानाबादची दप्तरं फोडून इकडची इकडं आणायचं काम निघालं. कुणी कुठल्या जिल्ह्यात राहायचं याचे कागद भरून घेत होते. त्याच गडबडीत माझा नांदेडचा जुना अर्ज मंजूर झाला आणि माहूरकडं बदली आली. जाण्याआधी दवाखान्यातली कपाटं रिकामी करून गठ्ठे बांधायचे होते. त्या गठ्ठ्यांत मला तो जबाब सापडला. कागद पिवळा पडला होता, शाई मात्र तशीच. खाली उजवीकडून डावीकडं गेलेली सही.

तो घेऊन मी मामांकडं गेले. ते ओट्यावर चाकाला तेल देत होते. निवृत्तीला दीडेक वर्ष राहिलं होतं. मी म्हणाले, "नवा जिल्हा आहे, नवे साहेब आहेत. मी खरं लिहून देते. निदान नोंद तरी जाईल." त्यांनी कागद हातात घेतला, वाचता येत नसल्यासारखा लांब धरला आणि परत दिला. "गठ्ठ्यात ठिवा. तो कागद खोटा न्हाई."

"खोटा आहे मामा. तुम्ही पंप सोडवून हातात धरला होता. मी नको म्हणाले."

"हाव. धरला होता." ते चाक फिरवत राहिले. "पण मी देऊ का, असं इचारलं. तुम्हाला त्या दिवशी घाई होती, भीड होती, तुम्ही न्हाईच म्हणणार. लेकीला कुणी देऊ का म्हणून इचारतंय का सिस्टरबाई? सायकलीला बांधून द्यायचं असतंय. तेच राहून गेलं. लिवलंय तसंच हाय ते."

मी कागद परत गठ्ठ्यात ठेवला. दहा वर्षं मी समजत होते की हा माणूस माझं ओझं वाहतोय. तो स्वतःचंच समजून वाहत होता.

मी निघाले त्या सकाळी ते बसथांब्यावर आले. माझी सायकल बसच्या टपावर चढवण्याआधी त्यांनी ती आपल्याकडं ओढली. पिशवीत हात घालून तळाचं निळं गाठोडं काढलं आणि काही न विचारता माझ्या सीटमागं सुतळीनं बांधलं, तीन गाठी मारून. मग पिशवीतून डोकं काढून बसलेला तो दुसरा पंप काढला आणि माझ्या दांडीला घट्ट केला. त्या दिवसापासून ते सगळं दोन-दोन का वागवत होते, हे मला तेव्हा कळलं. दुसरा संच माझा होता. मी बरोबर असो की नसो, मी भेटेन त्या वाटेवर तो माझ्यापर्यंत पोहोचायला हवा म्हणून ते तो रोज, प्रत्येक चढावर, नेत होते.

"निधान जा," एवढंच म्हणाले. बस सुटली तेव्हा मी मागच्या काचेतून पाहिलं. ते सायकलीवर बसून परत निघाले होते. पिशवी अर्धी झाली होती आणि तिचा आवाज येत नव्हता.

माहूरच्या डोंगरात मी पुढं बरीच वर्षं काढली. कुठल्याही घरी मी "येऊ का" असं विचारलं नाही, जाऊन उभी राहिले. काहींनी मला आगाऊ म्हटलं. मामा निवृत्तीनंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात गेले. त्यांच्या मुलाचं पत्र मला महिन्यानं मिळालं. त्यात होतं की शेवटच्या दिवसांत अण्णा, म्हणजे मामा, सकाळी उठून ओसरीत पिवळं फडकं अंथरायचे, सामान मांडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला रस्ता विचारत बसायचे. मग चार वस्तू वेगळ्या काढायचे. हे वाचून मला इतकं बरं वाटलं आणि इतकं रडू आलं की पत्राची घडी घालायला जमेना.

पंप माझ्याकडं अजून आहे. आतलं चामडं दरवर्षी तेलात भिजवते, हवा मारतो. सोजरची लेक आता आजी झाली असेल, तिच्यापर्यंत जायचं धैर्य मला शेवटपर्यंत झालं नाही. मामांच्या लेखी तो जबाब खरा होता. माझ्या लेखी तो अर्धा आहे. उरलेला अर्धा त्याच अक्षरात आज लिहिते. हात आता कापतो, तरी वाचता येईल.

सदर दिवशी फाट्यावर देवी डॉक्टर मला पंप देत होते. तो मी घेतला नाही.